टोफू नूडल्स: झाकण कपाटातच राहू द्या

मराठी स्वयंपाकात भाजी परतली की हात आपोआप झाकणाकडे जातो. कोबी फोडणीला टाकायची, मीठ घालायचं, झाकण ठेवून एक वाफ काढायची. गवार, फ्लॉवर, बटाट्याच्या काचऱ्या, सगळीकडे हेच. ही सवय चुकीची नाही, त्या भाज्यांना वाफच हवी असते. पण टोफू नूडल्स घरी केल्या की लगदा होतो, टोफू रबरासारखा लागतो आणि कढईच्या तळाशी काळपट पाणी साठतं, त्यामागे बहुतेक वेळा हीच सवय असते. या पदार्थात वाफ काढायची नसते, उडवायची असते.

चिनी स्वयंपाकात या परतण्याला ‘चाओ’ म्हणतात. ‘चाओ मिएन’ म्हणजे परतलेल्या नूडल्स, आपल्याकडच्या चाऊमीनचं मूळ तेच. हक्का नूडल्स हे नाव मात्र पक्कं भारतीय. ग्वांगडोंग भागातून आलेले हक्का लोक कोलकात्यात स्थायिक झाले, टांग्रा परिसरात त्यांचे चामड्याचे कारखाने होते, आणि त्यांच्या स्वयंपाकघरांतून निघालेली ही पद्धत पुढे गल्लीतल्या चायनीजच्या गाडीपर्यंत पोचली. इथे जी कृती आहे ती त्याच घराण्यातली, फक्त टोफू घातलेली आणि घरच्या शेगडीला झेपेल अशी बेतलेली.

आधी शेगडीचा हिशेब करू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. गाडीवरच्या हाय प्रेशर भट्टीची आच घरच्या मोठ्या बर्नरच्या कितीतरी पट असते. घरच्या बर्नरवर १०० मिली पाणी, म्हणजे जेमतेम अर्धी वाटी, पूर्ण उडून जायला दोन-अडीच मिनिटं सहज लागतात. कढईत पाणी आहे तोवर अन्नाचं तापमान १०० अंशांच्या पुढे जात नाही. आणि तो भाजका, खरपूस वास १४० अंशांच्या आसपास यायला लागतो. आता बघा: धुऊन नीट न निथळलेली कोबी, पाकिटातून काढून तसाच चिरलेला टोफू आणि चाळणीतून थेट कढईत ओतलेल्या नूडल्स, यांच्यासोबत अर्धी-पाऊण वाटी पाणी नकळत आत जातं. ते उडेपर्यंत कोबी शिजून मऊ पडते आणि नूडल्स फुगतात. आच वाढवणं आपल्या हातात नाही. म्हणून पाणी आधीच बाहेर काढायचं, आणि एका वेळी थोडंच कढईत घालायचं.

थोडं म्हणजे किती? २८ ते ३० सेंटीमीटर व्यासाच्या लोखंडी कढईत दोन माणसांपुरतं, बस्स. चौघांसाठी करायचं तर दोन घाणे काढा. एकदम दुप्पट केलं तर वेळ वाचत नाही, फक्त चव जाते.

दोघांसाठी लागेल ते असं. घट्ट टोफू २०० ग्रॅम, कोरड्या हक्का नूडल्स १५० ग्रॅम, कोबी १०० ग्रॅम, मध्यम गाजर एक, ढोबळी मिरची लहान एक, फरसबीच्या सहा-आठ शेंगा, पातीचे कांदे चार-पाच, लसणाच्या ८ ते १० पाकळ्या, इंचभर आलं, दोन हिरव्या मिरच्या, रिफाइंड तेल साधारण पाच मोठे चमचे, कॉर्नफ्लोअर दीड मोठा चमचा. सॉसचं सामान पुढे येईल. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा म्हणजे ५ मिली. हे चमचे एकदा विकत आणून ठेवाच, कारण घरातला ‘मोठा चमचा’ दर घरात वेगळा असतो, आणि सोया सॉसच्या बाबतीत तो फरक खारट भोवतो.

आता टोफू. याला आपल्याकडे दुकानात ‘सोया पनीर’ म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. लोक त्याला पनीरसारखं वागवतात. पनीर दुधाचं. त्यात भरपूर स्निग्धांश असतो, थोडी दुधातली साखरही उरलेली असते. त्यामुळे तव्यावर ठेवलं की ते स्वतःच्याच तुपावर गुलाबी होतं. टोफू म्हणजे सोयाबीनचं दूध कॅल्शियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम क्लोराइड घालून साकळवलेलं आणि दाबलेलं. त्यात स्निग्धांश कमी, दुधातली साखर नाही आणि पाणी भरपूर. घट्ट टोफूतही वजनाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास पाणीच असतं. त्याला रंग यायचा तर पृष्ठभाग कोरडा हवा, तेल बाहेरून द्यायला हवं, आणि थोड्या पिठाची मदत हवी. सिल्कन टोफू या पदार्थाला मुळीच चालत नाही. तो सुपात आणि वाफवलेल्या पदार्थांत शोभतो, कढईत त्याचा चुरा होतो.

पाकीट उघडलं की टोफूच्या वडीवर बोट दाबून बघा. बोटाखाली पाणी येत असेल आणि वडी थलथलत असेल तर ती दाबायला हवी. आपल्याकडे मिळणाऱ्या व्हॅक्यूम पाकिटातल्या बऱ्याच वड्या आधीच घट्ट असतात. बोट दाबल्यावर रबरासारखी परत वर येणारी वडी नुसती पंचाने टिपली तरी पुरते. दाबायची असेल तर वडी आडवी कापून दोन चपटे भाग करा, जुन्या सुती पंचात गुंडाळा, उलट्या ताटावर ठेवा, वर पोळपाट आणि त्यावर दीड-दोन किलोचं काहीतरी, लोखंडी खलबत्ता किंवा पिठाचा डबा. २० ते ३० मिनिटं. पाच किलोचं वजन ठेवून पाच मिनिटांत उरकायला गेलात तर वडीला कडेने तडे जातात.

दाबण्यापेक्षा मला आवडणारी पद्धत वेगळी आहे, आणि वरवर ती उलटी वाटते: टोफू पाण्यातच टाकायचा. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून उकळी आणा, आच मंद करा, कापलेले तुकडे त्यात तीन-चार मिनिटं ठेवा. गरम खारट पाण्यात बाहेरचा थर आवळतो आणि आतलं थोडं पाणी बाहेर येतं. झाऱ्याने काढून पंचावर एकेक सुटा पसरला की अंगातल्या उष्णतेनेच पृष्ठभाग दहा मिनिटांत कोरडा होतो. शिवाय मीठ आत जातं, कच्च्या सोयाबीनचा वास कमी होतो आणि तुकडा हाताळताना मोडत नाही. सोया सॉसमध्ये तासभर मुरत ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. टोफूचे छिद्र आधीच पाण्याने भरलेले असतात, सॉसला आत जायला जागा कुठे आहे? तासाभराने कापून बघितलं तर रंग जेमतेम दोन-तीन मिलिमीटर उतरलेला दिसतो, आणि तो ओला झालेला थर तव्यावर करपतो तेवढा.

ज्यांना टोफूचा मऊ, सपाट पोतच आवडत नाही त्यांनी वडी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावी, दुसऱ्या दिवशी बाहेर काढून विरघळू द्यावी आणि तळव्यांमध्ये धरून पिळावी. पाण्याचे बर्फकण होताना आत जाळी पडते आणि वडी स्पंजासारखी होते. जपानमध्ये गोठवून वाळवलेला टोफू असाच करतात. हा टोफू मात्र सॉस खरोखर पितो, इतका की सॉसचं प्रमाण अर्ध्या चमच्याने कमी केलेलं बरं.

तुकडे साधारण एक सेंटीमीटर जाडीचे, तीन सेंटीमीटर लांबीचे चपटे कापा. चौकोनी फासे दिसायला छान, पण त्यांना सहा बाजू. दोन बाजू भाजून होतात आणि चार पांढऱ्याच राहतात. चपट्या तुकड्याला दोन रुंद बाजू भाजल्या की काम झालं. हाताने ओबडधोबड तोडलेले तुकडे तर आणखी चांगले, त्यांच्या खडबडीत कडांवर पीठ आणि सॉस धरून राहतो.

पीठ लावायचं ते तेल तापल्यावर, आधी नाही. दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, पाव छोटा चमचा मीठ (टोफू खाऱ्या पाण्यातून काढला असेल तर मीठ नको), पाव चमचा मिरपूड, हे कोरड्या तुकड्यांवर भुरभुरवा आणि ताट हलवून घोळवा. पीठ लावून दहा मिनिटं ठेवलं तर ते टोफूतलं पाणी ओढून चिकट होतं आणि तव्यावर त्याची खळ बनते.

भाजायला कढईपेक्षा डोशाचा लोखंडी तवा चांगला, सगळे तुकडे एका थरात सपाट बसतात. तवा आधी नीट तापवायचा. पाण्याचा थेंब टाकला की तो चर्र करून आटण्याऐवजी पाऱ्यासारखा पळाला पाहिजे. मग दोन मोठे चमचे तेल, ते तवाभर फिरवून मध्यमपेक्षा थोड्या मोठ्या आचेवर तुकडे एकमेकांना न चिकटतील असे लावा. आणि हात मागे घ्या. तीन-चार मिनिटं हलवायचं नाही. सगळ्यात जास्त टोफू इथे मोडतो: दीड मिनिटाने उलथणं खाली घातलं, तळ चिकटलेला, ओढला तर साल तव्यावर आणि पांढरा गर उलथण्यावर. पापुद्रा नीट बनला की तुकडा आपोआप सुटतो. सुटत नसेल तर तो अजून झालेला नाही, एवढंच. कडेने फिकट बदामी रेघ दिसायला लागली की उलटा आणि दुसरी बाजू दोन-तीन मिनिटं. शेवटी छोटा चमचाभर सोया सॉस आणि चिमूटभर साखर तव्याच्या कडेने सोडून पंधरा सेकंद हलवा. साखर-सॉसची चकाकी तुकड्यांवर चढते. याने कुरकुरीतपणा थोडा कमी होतो हे खरं, पण नूडल्समध्ये मिसळल्यावर तो तसाही पाच मिनिटांपलीकडे टिकणार नसतो. चव टिकते. तुकडे ताटलीत काढून ठेवा, झाकू नका.

नूडल्स शक्य असेल तर दोन-तीन तास आधी, नाहीतर किमान अर्धा तास आधी उकडायच्या. दोन लिटर पाणी, दोन छोटे चमचे मीठ. पाणी कमी घेतलं तर त्यात सुटलेला स्टार्च दाट होतो आणि नूडल्सवर खळीसारखा बसतो. पाण्यात तेल घालण्याचा सल्ला सगळीकडे असतो. ते तेल वर तरंगतं आणि पाण्याबरोबर मोरीत जातं. तेल निथळल्यावर लावायचं. नूडल्सची चवड हाताने मोडू नका, उकळत्या पाण्यात पडल्यावर अर्ध्या मिनिटाने काट्याने सोडवा. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी एक नूडल काढून नखाने तोडा. मधोमध टाचणीच्या टोकाएवढा पांढरट ठिपका दिसला पाहिजे. तो ठिपका पुढे कढईत नाहीसा होणार आहे. ठिपका पाण्यातच नाहीसा झाला तर कढईत काय होईल ते सांगायला नको.

चाळणीत ओतल्याबरोबर गार पाण्याची धार सोडून बोटांनी चोळत धुवा, निथळणारं पाणी गढूळ दिसायचं थांबेपर्यंत. मग चाळणी पाच मिनिटं तिरकी ठेवा, कारण सपाट चाळणीच्या तळाशी पाणी अडून राहतं. छोटा चमचाभर तेल लावून मोठ्या परातीत पसरा, पंख्याखाली वीस मिनिटं. कोरड्या १५० ग्रॅमच्या उकडून दुपटीहून जास्त होतात, तेव्हा परात मोठीच घ्या. पसरलेल्या नूडल्स हाताला ओल्या न लागता किंचित ताणलेल्या, रबरी लागल्या की तयार. फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवलेल्या नूडल्स सगळ्यात सुट्या परतल्या जातात. गार झाल्यावर स्टार्च पुन्हा घट्ट होतो, फोडणीच्या भाताला शिळा भात बरा पडतो त्याच कारणाने.

भाज्या धुवायच्या त्या चिरण्याआधी, आणि तासभर आधी. चिरलेली कोबी धुतली की प्रत्येक कापावर पाणी बसतं. गाजर आणि फरसबी आगपेटीच्या काडीपेक्षा थोडी जाड, तिरकी. कोबी लांब, पण भजीसाठी चिरतो तितकी बारीक नको. ढोबळीच्या आतला पांढरा गाभा काढून टाका, पाणी त्यातच जास्त. पातीचा पांढरा भाग वेगळा, हिरवा वेगळा. लसूण सुरीने बारीक चिरा, मिक्सरमधलं वाटण नको. वाटलेला लसूण ओला असतो, तापलेल्या कढईत तळाला चिकटून काही सेकंदांत कडू होतो. चातुर्मासात कांदा-लसूण चालत नसेल तर आलं दुप्पट करा आणि कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या बारीक चिरून घाला; पदार्थ वेगळा होतो, पण बेचव होत नाही.

सॉस आधीच एका वाटीत कालवून ठेवायचा. कढईवर उभं राहून चार बाटल्यांची झाकणं उघडायला वेळ नसतो. दीड मोठा चमचा लाइट सोया सॉस, मोठा चमचाभर लाल मिरची-लसूण चटणी, एक छोटा चमचा व्हिनेगर, एक छोटा चमचा साखर, अर्धा छोटा चमचा पांढरी किंवा काळी मिरपूड, पाव छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आणि एक मोठा चमचा पाणी. बस. या चमचाभर पाण्याच्या पलीकडे थेंब नको. कॉर्नफ्लोअर इतकं कमी आहे कारण त्याचं काम सॉस नूडल्सला चिकटवण्याचं, दाट रस्सा करण्याचं नाही.

सोया सॉसबद्दल थोडं सविस्तर. मोठा चमचाभर लाइट सोया सॉसमध्ये दोन-अडीच ग्रॅम मीठ असतं, म्हणजे जवळपास अर्धा छोटा चमचा. नूडल्सच्या पाण्यात मीठ, टोफूत मीठ, चटणीत मीठ. तेव्हा वरून मीठ शेवटी चाखूनच, आणि बहुधा नाहीच. डार्क सोया सॉस रंगासाठी असतो. घरात तेवढाच असेल तर एकच मोठा चमचा घ्या आणि मीठ वेगळं घाला. दीड-दोन चमचे डार्क ओतला की नूडल्स काळ्याकुट्ट आणि कडवट होतात, त्यावर साखर घालून उतारा होत नाही.

तिळाच्या तेलाचा गोंधळ तर हमखास. चिनी पाककृतींत जे तिळाचं तेल शेवटी थेंबभर घालतात ते भाजलेल्या तिळांचं असतं, गडद तपकिरी, उग्र वासाचं. आपल्या घाण्यावरचं तिळाचं तेल न भाजलेल्या तिळांचं. ते उत्तम तेल आहे, पण इथे हवा तो वास त्याला नाही. भाजक्या तिळांचं तेल नसेल तर छोटा चमचाभर तीळ तडतडेपर्यंत भाजा, खलबत्त्यात अर्धवट कुटा आणि शेवटी वरून घाला. संक्रांतीचे तीळ डब्यात उरलेले असतातच. परतायला मात्र रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल घ्या. लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल कितीही चविष्ट असलं तरी इतक्या आचेला फार लवकर धुरावतं.

लाल चटणी बाटलीतली चालते, घरची जास्त चालते. आठ बेडगी मिरच्या बिया काढून वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवा; तिखट हवी तर त्यात दोन लवंगी. सहा पाकळ्या लसूण, छोटा चमचाभर व्हिनेगर, पाव चमचा मीठ घालून जाडसर वाटा आणि दोन मोठे चमचे तेलात मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता, पाच-सहा मिनिटं. कच्ची वाटलेली चटणी थेट नूडल्समध्ये घातली तर मिरचीचा कच्चट वास मागे राहतो, कारण कढईत तिला शिजायला वेळच मिळत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते.

अजिनोमोटो घालायचं की नाही यावर घरोघरी वाद आहेत. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री शेवाळापासून ग्लुटामेट वेगळं काढलं, त्याचंच हे मीठ. टोमॅटोत, मशरूममध्ये, मुरलेल्या चीजमध्ये ग्लुटामेट आपोआप असतंच. घालायचं तर पाव छोटा चमचा पुरे. नको असेल तर चार-पाच बटण मशरूम बारीक चिरून, पाणी पूर्ण आटून तपकिरी होईपर्यंत वेगळे परतून घाला. न आटवता घातले तर आतापर्यंतचा सगळा कोरडेपणा वाया.

आता कढई. लोखंडी, तीही रोज वापरातली, काळी तुकतुकीत झालेली. नॉनस्टिक या पदार्थाला योग्य नाही. रिकामी नॉनस्टिक मोठ्या आचेवर तापवली तर तिचा थर खराब होतो, आणि न तापवता परतलं तर वाफच वाफ. इंडक्शन असेल तर सपाट बुडाचं लोखंडी पॅन घ्या, गोल बुडाची कढई तिथे मधल्या रुपयाएवढ्या जागीच तापते. सगळं सामान हाताच्या अंतरावर, ज्या क्रमाने घालायचं त्या क्रमाने मांडून ठेवा. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा. इथून पुढे पाच-सहा मिनिटांचं काम आहे आणि मधे फोन घेता येत नाही.

मोठा बर्नर, पूर्ण आच. कढईतून धुराची पुसट रेघ निघाली की दीड मोठा चमचा तेल, कढई फिरवून कडांना लावा. लसूण: दहा सेकंद, कडा पिवळसर होईपर्यंत, तांबूस नाही. आलं आणि मिरची, पाच सेकंद. लगेच गाजर आणि फरसबी, एक मिनिट. आवाजाकडे कान ठेवा. चर्र असा कोरडा आवाज सतत यायला हवा. तो बसका, बुडबुड्यांसारखा झाला तर कढई गार पडली आहे. हलवणं थांबवून भाजी कडेला पसरा, मधला तळ दहा-पंधरा सेकंद उघडा तापू द्या. सारखं हलवत राहणं म्हणजे परतणं नव्हे. मग कोबी आणि पातीचा पांढरा भाग, चाळीस सेकंद. ढोबळी, वीस-तीस सेकंद. मीठ नाही! मीठ पडलं की कोबी पाणी सोडते. भाज्या अर्धवट कच्च्या असतानाच ताटात उपसा.

कढई पुन्हा धुरावेपर्यंत तापवा, एक मोठा चमचा तेल, नूडल्स पसरून घाला आणि अर्धा मिनिट तशाच राहू द्या. खालच्या काही नूडल्सना तपकिरी डाग पडले पाहिजेत, सगळा खरपूस वास त्या डागांत आहे. दोन उलथण्यांनी, किंवा एक उलथणं आणि एक चिमटा घेऊन, खालून वर उचलत उलटा. डावाने ढवळलं तर नूडल्सचे तुकडे होतात. दुसऱ्या बाजूला अर्धा मिनिट. चिकटायला लागल्या तर पाणी नाही, चमचाभर तेल कडेने.

भाज्या परत घाला. वाटीतला सॉस चमच्याने पुन्हा ढवळा (कॉर्नफ्लोअर तळाशी बसलेलं असतं) आणि नूडल्सवर न ओतता कढईच्या उघड्या, तापलेल्या कडेने गोल फिरवत सोडा. तिथे तो क्षणात फसफसतो, त्यातलं पाणी उडतं, साखर किंचित जळते आणि मग तो खाली उतरतो. नूडल्सच्या डोक्यावर ओतलेला सॉस मात्र एका जागी शोषला जातो. मग एक घास खारट, एक घास पांढरा. तीस सेकंद उचलून-उचलून मिसळा, टोफू घाला, दोनदा हलवा, पातीचा हिरवा भाग आणि तीळ, आच बंद. चाखा, आणि मिठाचं काय ते आता ठरवा.

लगेच ताटात काढा. व्हिनेगर असलेला पदार्थ लोखंडी कढईत पडून राहिला तर कढईचा काळा थर निघतो आणि नूडल्सला लोखंडाची चव येते. कढई गरम पाण्याने, घासणी न लावता धुऊन आचेवर कोरडी करा आणि तेलाचं बोट फिरवून ठेवा.

टोफू आणूनही पूर्ण न वापरला गेला तर उरलेली वडी डब्यात बुडेल इतक्या पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबूस वास किंवा बुळबुळीत स्पर्श आला की टाकून द्या, तळून तो दोष जात नाही.

जिथे टोफू मिळत नाही तिथे घरी करता येतो. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात, पण त्यातलं बहुतेक तेलाच्या गिरणीत जातं. किराणा दुकानातून पाव किलो पिवळं, खाण्याचं, निवडलेलं आणा. आठ-दहा तास भिजवा, चोळून सालं काढा, एकूण दीड-दोन लिटर पाणी लागेल तसं घालत बारीक वाटा आणि पंचातून पिळून गाळा. हे दूध पातेल्याच्या निम्म्यापेक्षा वर नको, ते दुधापेक्षा जोरात उतू जातं. ढवळत दहा-पंधरा मिनिटं नीट उकळा. ही पायरी टाळायची नाही, कच्च्या सोयाबीनमधली पचनाला अडथळा करणारी द्रव्यं उकळल्यानेच निकामी होतात. आच बंद करून पाच मिनिटांनी दोन मोठे चमचे लिंबाचा रस वाटीभर कोमट पाण्यात मिसळून तीन वेळा थोडा-थोडा घाला, हलक्या हाताने एकदाच ढवळा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. (हो, इथे झाकण चालतं.) पिवळसर पाणी वेगळं झालं की पंचात बांधून दोन किलो वजनाखाली पाऊण तास. तीनशे-चारशे ग्रॅम वडी निघते, किंचित आंबट आणि बाजारच्यापेक्षा भुसभुशीत. म्हणून तिला खाऱ्या पाण्याची उकळी द्याच, आणि तुकडे दीड सेंटीमीटर जाड ठेवा. गाळून उरलेला चोथा थालिपीठाच्या भाजणीत मळा, भाजणीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, नाहीतर थापताना कडा फाटतात.

डब्यात द्यायच्या असतील तर नूडल्स ताटात पसरून पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा आणि टोफू जमल्यास वेगळ्या कप्प्यात द्या. गरम भरून झाकण लावलं की डब्याच्या आतून वाफ गळते आणि कढईवर जे टाळलं ते डब्यात होतं. दुसऱ्या दिवशी गरम करताना मायक्रोवेव्हपेक्षा लोखंडी तवा बरा: अर्धा चमचा तेल, नूडल्स पातळ पसरून दोन मिनिटं न हलवता, मग एकदा उलटून आणखी एक मिनिट. खालचा थर कुरकुरीत होतो, आणि काही जणांना तो ताज्यापेक्षाही जास्त आवडतो.